महाप्राण जोगेंद्रनाथ मंडल : मंत्रिपदापासून निर्वासितांच्या छावणीपर्यंत

आपल्या चळवळीत महाप्राण जोगेंद्रनाथ मंडल हे नाव बहुतेकांना एका वाक्यापुरते माहीत असते. बाबासाहेबांना बंगालमधून संविधान सभेवर निवडून आणणारे नेते, एवढीच त्यांची ओळख. जयंतीच्या पोस्टरवर त्यांचा फोटो असतो, भाषणात एकदा नाव येते आणि वक्ता पुढे जातो. गेल्या काही वर्षांत त्यांच्याविषयी दुसऱ्या प्रकारचे संदेशही फिरू लागले आहेत. दलितांनी मुसलमानांशी मैत्री केली की काय होते, याचा पुरावा म्हणून त्यांचे आयुष्य दाखवले जाते. दोन्हीकडे कथा १९५० सालीच संपते. त्यानंतर ते १८ वर्षे जगले. ती १८ वर्षे ते कुठे होते, कोणासोबत होते आणि काय करत होते, हे फारसे कोणी सांगत नाही.

त्या काळात त्यांचे बरेचसे काम निर्वासितांच्या छावण्यांशी जोडलेले होते. म्हणून आज त्यांचे चरित्र छावण्यांसकट वाचले पाहिजे.

बारिसालचा शेतकऱ्याचा मुलगा

जोगेंद्रनाथांचा जन्म २९ जानेवारी १९०४ रोजी पूर्व बंगालमधील बारिसाल जिल्ह्यात मैस्तरकांदी या गावी झाला. आज हा भाग बांगलादेशात आहे. नद्या, खाड्या आणि भातखाचरांचा हा मुलूख. पावसाळ्यात एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर जायला होडी लागायची. घर नमःशूद्र जातीचे आणि शेतकऱ्याचे.

नमःशूद्रांना पूर्वी सरकारी कागदावर चांडाळ म्हणून लिहिले जात असे. हे नाव पुसावे म्हणून त्या समाजाने अनेक वर्षे लढा दिला आणि १९११ च्या जनगणनेत नमःशूद्र हे नाव मिळवले. त्याही आधी, १८७२-७३ च्या सुमारास, फरिदपूर-बारिसाल भागात नमःशूद्रांनी सवर्णांच्या कामावर सामूहिक बहिष्कार टाकला होता. हरिचंद ठाकूर आणि त्यांचे पुत्र गुरुचंद ठाकूर यांच्या मतुआ चळवळीने या समाजाला स्वाभिमान आणि शाळा दिल्या. जोगेंद्रनाथ या जागृतीच्या मातीतून आले. एकट्याच्या हुशारीवर मोठा झालेला माणूस, अशी त्यांची कथा सांगितली तर ती अपुरी राहते. त्यांच्या मागे दोन-तीन पिढ्यांचा संघर्ष उभा होता.

बारिसालच्या ब्रजमोहन कॉलेजातून ते पदवीधर झाले. १९३४ मध्ये कलकत्त्यात कायद्याचे शिक्षण पूर्ण करून वकिली सुरू केली. १९३७ च्या निवडणुकीत ते राखीव जागेवरून उभे राहिले नाहीत. त्यांनी सर्वसाधारण जागा लढवली आणि थोर नेते अश्विनीकुमार दत्त यांच्या घराण्यातील काँग्रेसच्या उमेदवाराला हरवले. त्या काळी एका अस्पृश्य तरुणाने सर्वसाधारण जागा जिंकणे ही मोठी गोष्ट होती. सुरुवातीला ते सुभाषबाबू आणि शरदबाबू बोस यांच्या जवळ होते. पण काँग्रेसच्या राजकारणात आपल्या माणसांचे प्रश्न नेहमी शेवटच्या रांगेत राहतात, हे त्यांना हळूहळू कळत गेले. १९४३ मध्ये त्यांनी बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची बंगाल शाखा उभारली.

मुस्लिम लीगशी युती का केली?

हा प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही. पूर्व बंगालमधील नमःशूद्र आणि मुसलमान हे बहुतांशी कुळे आणि छोटे शेतकरी होते. जमीनदार, सावकार, वकील आणि कचेरीतले कारकून हे बहुतांशी सवर्ण हिंदू. शेजारच्या दोन झोपड्यांतील माणसांचे कर्ज एकाच वहीत लिहिलेले असेल, तर त्यांनी एकत्र यावे हा विचार मूर्खपणाचा नव्हता. जोगेंद्रनाथांनी या वास्तवावर आपले राजकारण उभे केले.

शिवाय त्यांनी पाठिंबा फुकट दिला नाही. १९४३ मध्ये ख्वाजा नाझिमुद्दीन यांच्या मंत्रिमंडळाला पाठिंबा देताना त्यांनी अटी घातल्या. अनुसूचित जातींचे तीन मंत्री, अनुसूचित जातींच्या शिक्षणासाठी दरवर्षी पाच लाख रुपये आणि सरकारी नोकऱ्यांत ठरलेल्या प्रमाणाची काटेकोर अंमलबजावणी. ते स्वतः मंत्री झाले. नंतर सुहरावर्दी यांच्या मंत्रिमंडळातही होते.

१९४६ च्या प्रांतिक निवडणुकीत फेडरेशनचा देशभर पराभव झाला. बंगालमध्ये फेडरेशनची एकच जागा आली, ती जोगेंद्रनाथांची. मुंबई प्रांतातून बाबासाहेबांना संविधान सभेत जाण्याचा मार्ग बंद झाला होता. तेव्हा जोगेंद्रनाथांनी बंगालमधून ही जबाबदारी घेतली, बंगालच्या विधानसभेतील अनुसूचित जातींच्या आमदारांची मते जुळवली आणि बाबासाहेबांना निवडून आणले.

आपल्याकडे असे सांगितले जाते की बाबासाहेब जेसोर-खुलना मतदारसंघातून जनतेच्या मतांनी निवडून आले आणि त्याची शिक्षा म्हणून तो भाग पाकिस्तानला देण्यात आला. भाषणात हे ऐकायला जोरदार वाटते, पण ते खरे नाही. संविधान सभेचे सभासद प्रांतिक विधानसभांचे आमदार निवडून देत होते. तिथे असा जनतेचा मतदारसंघच नव्हता. फाळणीची रेषा ठरताना खुलना पाकिस्तानात गेले आणि मुर्शिदाबाद भारतात आले, त्याची कारणे वेगळी होती. फाळणीनंतर बाबासाहेबांची बंगालमधील जागा गेली आणि जुलै १९४७ मध्ये ते मुंबई प्रांतातून, मुकुंदराव जयकरांच्या रिकाम्या जागेवर, पुन्हा निवडून आले. जोगेंद्रनाथांचे खरे काम इतके मोठे आहे की त्याला खोट्या गोष्टीचा टेकू लागत नाही.

ऑक्टोबर १९४६ मध्ये ते लीगच्या वतीने दिल्लीच्या हंगामी सरकारात गेले. कलकत्त्याच्या दंगलीनंतरही त्यांनी लीगची साथ सोडली नाही, म्हणून हिंदू वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर आग ओकली. त्यांना जोगेन अली मोल्ला असे हिणवले जाऊ लागले. बंगालच्या फाळणीला त्यांनी विरोध केला. बंगाल फाटला तर आपला समाज दोन्हीकडे अल्पसंख्य आणि असहाय होईल, हे त्यांना दिसत होते. फाळणी मात्र थांबली नाही.

१० ऑगस्ट १९४७ रोजी कराचीत पाकिस्तानच्या संविधान सभेची पहिली बैठक भरली. तिचे तात्पुरते अध्यक्ष होते जोगेंद्रनाथ मंडल. ते त्या देशाचे पहिले कायदा आणि कामगार मंत्री झाले. बारिसालच्या नमःशूद्र शेतकऱ्याच्या मुलासाठी हे शिखर होते. घसरण तिथूनच सुरू झाली.

विश्वास तुटला

बाबासाहेबांनी धोका आधीच ओळखला होता. नोव्हेंबर १९४७ मध्येच त्यांनी पाकिस्तानातील अस्पृश्यांना मुस्लिम लीगवर विसंबू नका आणि भारतात निघून या, असे जाहीर आवाहन केले. डिसेंबरमध्ये त्यांनी पंतप्रधान नेहरूंकडे लेखी तक्रार केली. पाकिस्तान सरकार सफाई कामगारांना अत्यावश्यक सेवेच्या नावाखाली देश सोडू देत नव्हते. आणि जे अस्पृश्य भारतात पोचत होते, त्यांना इथल्या मदत व्यवस्थेत नीट जागा मिळत नव्हती. दुःख सगळ्यांचे सारखे असले तरी मदतीच्या रांगेत जात उभी असते, हे बाबासाहेबांनी तेव्हाच सरकारच्या कानावर घातले होते.

जोगेंद्रनाथ मात्र कराचीत राहिले. आपण मंत्रिमंडळात असलो तर आपल्या माणसांना संरक्षण मिळेल, असे त्यांना वाटत होते. डिसेंबर १९४९ मध्ये खुलना जिल्ह्यातील कालशिरा भागात नमःशूद्र वस्त्यांवर अत्याचार झाले. फेब्रुवारी १९५० मध्ये ढाका, बारिसाल आणि इतर ठिकाणी दंगली पेटल्या. ज्या बारिसालने त्यांना मोठे केले, तिथलीच माणसे मारली जात होती. ते स्वतः फिरले, लोकांना भेटले, सरकारकडे तक्रारी केल्या. हाती काही लागले नाही. एप्रिल १९५० मध्ये नेहरू-लियाकत करार झाला, पण गावातल्या माणसाला त्याचा आधार वाटला नाही.

८ ऑक्टोबर १९५० रोजी जोगेंद्रनाथांनी कलकत्त्याहून पंतप्रधान लियाकत अली खान यांना राजीनामा पाठवला. तो लांबलचक आणि तपशीलवार होता. गावे, तारखा, अत्याचार, मोडलेली आश्वासने, सगळे त्यात होते. ते पुन्हा पाकिस्तानात गेले नाहीत.

बाबासाहेबांचा इशारा त्यांनी वेळेवर मानला नाही, ही त्यांची चूक होती आणि ती मोठी होती. मंत्र्याच्या शब्दावर विसंबून जे गावात थांबले, त्यांना तिची किंमत मोजावी लागली. आपण त्यांना महाप्राण म्हणतो म्हणून ही चूक झाकायची नाही.

शियालदह स्टेशन ते कूपर्स कॅम्प

१९५० या एका वर्षात पूर्व पाकिस्तानातून दहा लाखांहून अधिक माणसे भारतात आली. त्यांच्या आधी, फाळणीच्या सुमारास आलेल्यांत जमीनदार, वकील, शिक्षक, नोकरदार अशी सवर्ण मध्यमवर्गीय कुटुंबे जास्त होती. त्यांचे नातेवाईक कलकत्त्यात होते, हातात शिक्षण होते. त्यांनी शहराच्या कडेच्या मोकळ्या जमिनी ताब्यात घेतल्या आणि स्वतःच्या वसाहती उभ्या केल्या. पुढे त्यातल्या कितीतरी वसाहती सरकारने नियमित केल्या. १९५० नंतर आलेल्यांत मात्र शेतकरी, मच्छीमार, मजूर अशा नमःशूद्र आणि इतर दलित जातींच्या माणसांची संख्या वाढत गेली. त्यांचे शहरात कोणी नव्हते. त्यांच्या वाट्याला सरकारी छावणी आली.

पहिला मुक्काम सरहद्दीवर किंवा शियालदह स्टेशनवर. फलाटावर चटई, ट्रंक, कढई आणि पोरेबाळे. दोन कुटुंबांच्या मध्ये भिंत म्हणून बोचकी रचलेली. गाड्या येत-जात असत, शहरातले नोकरदार या माणसांना ओलांडून कामाला जात. खायला पोहे आणि गूळ. पटकीची लस टोचायची, नाव नोंदवायचे, चिठ्ठी घ्यायची आणि कुठे पाठवतात याची वाट बघायची. काही कुटुंबे फलाटावर दिवसच्या दिवस राहिली, काही महिनेही राहिली.

तिथून ट्रक किंवा रेल्वेने छावणीत. रानाघाटजवळचा कूपर्स कॅम्प आणि नदिया जिल्ह्यातला धुबुलिया कॅम्प ही मोठी नावे. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी उभारलेल्या शेड आणि धावपट्टीजवळच्या बराकी आता निर्वासितांना दिल्या गेल्या. एका लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये अनेक कुटुंबे. मध्ये दोरी बांधून त्यावर जुनी साडी किंवा गोणपाट टाकले की झाली खोली. त्या पडद्याआड नवरा-बायको, म्हातारे आईवडील आणि मुले. बाळंतपण तिथेच, आजारपण तिथेच, मरणही तिथेच. ज्यांना शेड मिळाली नाही त्यांना तंबू. उन्हाळ्यात तंबू भट्टीसारखा तापायचा आणि पावसाळ्यात जमिनीतूनच पाणी वर यायचे.

दिवसाची सुरुवात रांगेने व्हायची. पाण्याची रांग, संडासाची रांग, दवाखान्याची रांग. बायकांना अंधार असतानाच उठावे लागे, कारण उजेड पडल्यावर आडोसा नसे. ठरावीक दिवशी रेशन आणि भत्त्याची रांग. तांदूळ कधी कुजका निघायचा, पण परत कोणाला करणार? कार्डावर नाव नसेल तर तांदूळ नाही. घरातला कमावता माणूस कामाच्या शोधात बाहेर गेला आणि हजेरीच्या वेळी दिसला नाही, तर भत्ता कापला जाण्याची भीती. काम शोधले तर भत्ता जातो आणि भत्त्यावर बसले तर आळशी म्हणून हिणवले जाते. नदीवर नांगर आणि जाळे चालवणाऱ्या माणसाला रिकामे बसवून ठेवायचे आणि मग तोच फुकट खातो असे म्हणायचे, ही छावणीची रीत होती.

सरकारी कागदावर माणसांची वर्गवारी होत असे. ज्या कुटुंबात कमावता पुरुष नाही अशा विधवा, म्हातारी माणसे, अपंग यांना कायमचा बोजा असा शिक्का मारला गेला आणि वेगळ्या छावण्यांत ठेवले गेले. कायमचा बोजा! फाळणी या बायकांनी मागितली नव्हती. धडधाकट माणसांना कामाच्या छावण्यांत पाठवून कालवे आणि रस्ते खोदायला लावले. बागजोला कालव्याजवळच्या छावण्या अशाच होत्या.

प्रसिद्ध दलित लेखक मनोरंजन ब्यापारी यांचे बालपण बांकुडा जिल्ह्यातील शिरोमणिपूर छावणीत गेले. त्यांचे कुटुंबही बारिसालकडचेच. भूक, तंबू, आजार आणि मुलांचे मृत्यू यांचे जे वर्णन त्यांनी आत्मकथनात केले आहे, ते ज्याला छावणी म्हणजे काय हे समजून घ्यायचे आहे त्याने जरूर वाचावे.

हरलेला नेता आणि बेघर माणसे

कलकत्त्यात परतलेले जोगेंद्रनाथ स्वतःही निर्वासितच होते. त्यांच्याजवळ मंत्रिपद नव्हते, पक्ष मोडलेला होता आणि पैसा नव्हता. सवर्ण कलकत्त्याने त्यांना पाकिस्तानचा माणूस म्हणून माफ केले नाही. त्यांच्याच समाजातील अनेकांचा त्यांच्यावर राग होता. तुमच्या सांगण्यावरून आम्ही थांबलो, असे विचारणारी माणसे छावणीतच राहत होती. अशा वेळी बहुतेक पुढारी घरात बसतात किंवा सत्तेतल्या पक्षाकडे जाऊन एखादे पद मागतात. जोगेंद्रनाथ छावण्यांतल्या माणसांबरोबर राहिले. सभा घेतल्या, अर्ज-निवेदने लिहिली, अधिकाऱ्यांशी भांडले, निर्वासितांच्या संघटना बांधल्या. राग असलेल्या माणसांसमोर जाऊन उभे राहण्याला मोठे धैर्य लागते.

१९५० च्या दशकाच्या मध्यापासून सरकारचे धोरण स्पष्ट होऊ लागले. पश्चिम बंगालमध्ये आता जागा नाही, उरलेल्या छावणीवासीयांना राज्याबाहेर पाठवायचे. काहींना अंदमानात पाठवले होते, काहींना बिहारमधील बेतियात. बेतियाची स्थिती इतकी वाईट होती की तिथली माणसे पळून परत आली आणि हावड्यात उघड्यावर पडली. मग दंडकारण्याची योजना आली. ओडिशातील कोरापुट आणि कलाहंडी, तसेच मध्य प्रदेशातील बस्तर या भागांत निर्वासितांना वसवायचे ठरले. त्यासाठी १९५८ मध्ये दंडकारण्य विकास प्राधिकरण स्थापन झाले.

जोगेंद्रनाथ आणि निर्वासित संघटनांचा प्रश्न सरळ होता. कलकत्त्याच्या कडेला सवर्णांनी घेतलेल्या जमिनी नियमित होतात, मग जागा नाही हे उत्तर फक्त दलित शेतकऱ्यालाच का? राज्यात पडीक जमीन आहे, सुंदरबनच्या बाजूला वसवण्यासारखी जमीन आहे, असे पर्याय निर्वासित संघटनांनी सरकारपुढे मांडले होते. पाण्याच्या मुलखातल्या माणसाला कोरड्या खडकाळ जंगलात नेऊन टाकणे हे पुनर्वसन नाही, हे त्यांचे म्हणणे होते. आणि त्यात आणखी एक गोष्ट होती. एका ठिकाणी राहणाऱ्या नमःशूद्रांना वेगवेगळ्या राज्यांत विखुरले की त्यांची मते विखुरतात, चळवळ विखुरते. १९ व्या शतकापासून उभे राहिलेले एक सामाजिक बळ मोडून पडते. जोगेंद्रनाथांना हे दिसत होते, कारण तेच बळ वापरून त्यांनी बाबासाहेबांना निवडून आणले होते.

१९५८ च्या मार्च-एप्रिलमध्ये छावणीवासीयांनी मोठा सत्याग्रह केला. हजारो माणसांनी अटक करून घेतली. त्यांत नमःशूद्रांची संख्या फार मोठी होती, बायकाही होत्या. या लढ्याच्या काळात जोगेंद्रनाथ पुढे होते. डाव्या पक्षांच्या निर्वासित संघटनाही मैदानात होत्या. पण जोगेंद्रनाथ जेव्हा जातीचा प्रश्न काढत, तेव्हा निर्वासितांत फूट पाडणारा जातीयवादी म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवले जाई. निर्वासिताला जात नसते, असे सांगितले जात होते. पण कोणाला वसाहत मिळाली आणि कोणाला जंगल, हे बघितले की जात दिसत होतीच.

सरकार नमले नाही. छावण्या बंद करण्याचा निर्णय झाला. दंडकारण्यात जा, नाहीतर सहा महिन्यांचा भत्ता घेऊन छावणी सोडा, असा पर्याय दिला गेला. ज्यांनी नकार दिला त्यांचा भत्ता थांबला. भूक लावून हो म्हणवून घेतले गेले. शिवाय १ एप्रिल १९५८ नंतर आलेल्यांना मदतीचा हक्कच नाकारण्यात आला. १९६४ मध्ये पूर्व पाकिस्तानात पुन्हा दंगली झाल्या आणि नवा लोंढा आला, तेव्हा अट घातली गेली की मदत हवी तर पश्चिम बंगालबाहेर जावे लागेल. त्यांना रायपूरजवळच्या माना छावणीत उतरवले गेले. मध्य भारताचा उन्हाळा, तंबू आणि पाण्याची टंचाई. होडीवर वाढलेल्या माणसांची मुले तिथे उन्हाने आणि अतिसाराने गेली.

दंडकारण्यात जमीन मिळाली तीही बहुतांशी बिनपाण्याची. आणि ती मोकळी नव्हतीच. ते आदिवासींचे जंगल होते. त्यांनाही कोणी विचारले नाही. एका वंचिताला उठवून दुसऱ्या वंचिताच्या दारात नेऊन बसवले, आणि दोघांनी एकमेकांकडे संशयाने बघत राहावे अशी सोय केली.

जोगेंद्रनाथांनी या काळात निवडणुकाही लढवल्या. प्रत्येक वेळी हरले. ज्यांची मते त्यांना मिळाली असती ती माणसे छावण्यांतून छावण्यांत हलवली जात होती. ५ ऑक्टोबर १९६८ रोजी सरहद्दीजवळच्या बनगाव येथे त्यांचे निधन झाले. पूर्व बंगालमधून येणारे लाखो निर्वासित याच वाटेने भारतात आले होते.

महाराष्ट्राशी नाते

ही बंगालची गोष्ट आहे, आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध जवळचा आहे. १९६० च्या दशकात यातल्या अनेक कुटुंबांना तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात वसवण्यात आले. आज गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी, मुलचेरा या तालुक्यांत आणि चंद्रपूर जिल्ह्यात बंगाली वस्त्या आहेत. गोंदियातील अर्जुनी मोरगाव भागातही आहेत. मासळी बाजारात, शेतावर, आठवडी बाजारात ही माणसे आपल्याला भेटतात. आपण त्यांना बंगाली म्हणतो आणि विषय संपवतो.

त्यातले बहुसंख्य नमःशूद्र आहेत. पश्चिम बंगालमध्ये ही जात अनुसूचित जातींच्या यादीत आहे. महाराष्ट्राच्या यादीत नाही. म्हणजे ज्या समाजाने बाबासाहेबांना संविधान सभेत पाठवण्यासाठी आपले बळ दिले, त्याच समाजाच्या इथल्या मुलांना संविधानाने दिलेली सवलत मिळत नाही. सरकारने त्यांना विखुरले आणि विखुरल्यामुळे त्यांचा हक्क गेला. जोगेंद्रनाथांना जी भीती वाटत होती ती आपल्याच राज्यात खरी झालेली आहे. ही मागणी ते लोक अनेक वर्षे करत आहेत. आंबेडकरी संघटनांनी ती आपली मागणी म्हणून किती वेळा उचलली, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे.

दंडकारण्यातील जीवनाला कंटाळून १९७८ मध्ये हजारो निर्वासित सुंदरबनकडे परतले आणि मरिचझापी बेटावर स्वतःच्या कष्टाने वसले. १९७९ मध्ये डाव्या आघाडीच्या सरकारने बेटाची नाकेबंदी केली, गोळीबार झाला, वस्ती जाळून उठवली गेली. किती माणसे मेली याचा हिशेब आजवर नीट दिला गेलेला नाही. जोगेंद्रनाथ तेव्हा हयात नव्हते.

आज या चरित्रातून काय घ्यायचे?

जोगेंद्रनाथांचे नाव आज नागरिकत्वाच्या वादात ओढले जाते, दलित-मुस्लिम ऐक्य मोडण्यासाठी वापरले जाते. तरुण मित्रहो, असा संदेश मोबाइलवर आला तर एक प्रश्न विचारा : १९५० नंतर काय झाले? पाकिस्तानने त्यांचा विश्वासघात केला हे खरे आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. पण ज्या हिंदूंच्या देशात ते परतले, तिथे त्यांच्या माणसांना फलाट, गोणपाटाची भिंत, कापलेला भत्ता आणि कोरडे जंगल मिळाले, हेही तितकेच खरे आहे. अर्धी गोष्ट सांगणाऱ्याला दलितांच्या दुःखाशी देणेघेणे नसते, त्याला मुसलमानांचा द्वेष विकायचा असतो.

दुसरी गोष्ट कार्यकर्त्यांसाठी. बेघर माणसांच्या कोणत्याही वस्तीत, मग ती पूरग्रस्तांची असो, धरणग्रस्तांची असो की उड्डाणपुलाखालची, जोगेंद्रनाथांचे प्रश्न घेऊन जा. यादीत नाव कोणाचे आहे आणि कोणाचे गाळले आहे? बायकांना संडास आणि आडोसा कुठे आहे? मुले शाळेत जातात का? काम शोधायला गेलेल्याची मदत बंद होते का? पुनर्वसनाची जागा कोणी ठरवली आणि त्या माणसांना विचारले का? जिथे पाठवतात तिथे आधीपासून राहणाऱ्यांचे काय? ब्लँकेट वाटून फोटो काढणे सोपे आहे. हे प्रश्न लावून धरणे अवघड आहे, आणि खरे काम तेच आहे.

तिसरी गोष्ट नेतृत्वाची. जोगेंद्रनाथ चुकले. त्या चुकीचे परिणाम डोळ्यांनी पाहिले. त्यानंतर त्यांनी आपल्या माणसांकडे पाठ फिरवली नाही. जिंकलेल्या नेत्याबरोबर फोटो काढणारे पुष्कळ असतात. हरल्यानंतर नेता कुठे उभा राहतो, यावरून त्याची पारख करावी. या कसोटीवर बारिसालचा हा माणूस खरा उतरतो.

येत्या २९ जानेवारीला किंवा ५ ऑक्टोबरला त्यांचे पोस्टर लावाल, तेव्हा गडचिरोली-चंद्रपूरच्या एखाद्या बंगाली वस्तीतील तरुणांना व्यासपीठावर बोलवा. त्यांच्या आजी-आजोबांकडून छावणीच्या आठवणी ऐका, त्या लिहून काढा. ती पिढी आता जात चालली आहे. त्यांच्या जातीच्या दाखल्याच्या मागणीवर आपल्या संघटनेची सही द्या. बाबासाहेबांसाठी बंगालने जे केले, त्याची ती छोटीशी परतफेड असेल.

महाप्राण जोगेंद्रनाथ मंडल यांना विनम्र अभिवादन.

जय भीम! नमो बुद्धाय!